हिवाळ्यात बंद पडणारी फिरत्या घराची फर्नेस : कारणमीमांसा आणि दोषशोधनाचा क्रम

सारांश :
उत्तर अमेरिकेत ‘आरव्ही’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या फिरत्या घरांत हवा तापविण्यासाठी प्रोपेन वायूवर चालणारी फर्नेस बसविलेली असते. कडाक्याच्या थंडीत, नेमकी गरजेच्या वेळी ती बंद पडते अशी तक्रार वारंवार ऐकू येते. प्रस्तुत लेखात या फर्नेसची रचना, तिच्या क्रियांची साखळी आणि थंडीमुळे त्या साखळीवर होणारे परिणाम यांचे विवेचन केले आहे. फर्नेस बंद पडणे हा अनेकदा बिघाड नसून सुरक्षिततेची एखादी अट पूर्ण न झाल्याने यंत्राने दिलेला नकार असतो. तो कोणत्या पायरीवर दिला गेला हे ओळखणे म्हणजेच दोषशोधन होय, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजशब्द : आरव्ही फर्नेस, प्रोपेन, बाष्पदाब, सेल स्विच, कार्बन मोनॉक्साइड, दोषशोधन.

प्रस्तावना :
स्वयंपाकघर, न्हाणीघर व झोपण्याची सोय असलेल्या वाहनास अमेरिकेत ‘रिक्रिएशनल व्हेईकल’ अथवा संक्षेपाने ‘आरव्ही’ म्हणतात. यात स्वतःचे इंजिन असलेली मोटारघरे येतात, तद्वतच दुसऱ्या वाहनामागे जोडून ओढावयाची ट्रेलर-घरेही येतात. इंडियाना राज्यातील एल्कहार्ट हे शहर या उद्योगाचे प्रमुख केंद्र मानले जाते. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केल्यानंतर आपल्याकडेही हा प्रकार हळूहळू परिचयाचा होऊ लागला आहे. अमेरिकेत मात्र तो केवळ पर्यटनापुरता मर्यादित नाही. घरभाडे अथवा गृहकर्ज न परवडल्याने वाहनातच बारमाही राहणाऱ्या वयस्क कामगारांचे जीवन जेसिका ब्रूडर यांच्या ‘नोमॅडलँड’ या २०१७ च्या पुस्तकातून जगासमोर आले. त्यावर आधारित चित्रपटास २०२१ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा ऑस्कर पुरस्कार मिळाला. अशा रहिवाशांच्या दृष्टीने फर्नेस ही चैनीची वस्तू नाही. उणे १८ अंश सेल्सिअस तापमानात पातळ भिंतींचे हे घर काही तासांतच बाहेरच्याइतके थंड होते. शिवाय अनेक वाहनांत फर्नेसची गरम हवा पाण्याच्या टाक्या व नळ असलेल्या पोकळीतही खेळविलेली असते. यास्तव फर्नेस थांबली की माणसे गारठतात आणि नळही गोठून फुटतात.

अशा वेळी माणूस घाईने जे उपाय करतो ते पुष्कळदा मूळ अडचणीपेक्षा अधिक घातक ठरतात. म्हणूनच या यंत्राचे कार्य समजून घेणे अगत्याचे आहे.

फर्नेसची रचना :
ही फर्नेस साधारणतः एखाद्या कपाटाखाली किंवा पलंगाखाली बसविलेली असते. तिच्यात दोन स्वतंत्र हवामार्ग असतात. पहिल्या मार्गाने बाहेरील हवा ज्वलनकक्षात येते आणि जळालेला वायू पुन्हा बाहेरच सोडला जातो. दुसऱ्या मार्गाने घरातील हवा ज्वलनकक्षाच्या तप्त धातूच्या भिंतीवरून वाहते व नळ्यांवाटे खोल्यांत जाते. या धातूच्या भिंतीस उष्णता-विनिमयक म्हणता येईल. ज्वलनाची हवा व श्वसनाची हवा यांची कधीही गाठ पडू नये, हे या रचनेचे मूलतत्त्व आहे. दोन्ही मार्गांचे पंखे सामान्यतः एकाच मोटारीच्या दांड्यावर असतात आणि ही मोटार १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालते.

फर्नेसचे इंधन प्रोपेन असले तरी तिचे प्राण विजेत असतात. सिलिंडर पूर्ण भरलेला असूनही बॅटरी क्षीण झाली तर ही फर्नेस पेटत नाही.

क्रियांची साखळी :
थर्मोस्टॅटने उष्णतेची मागणी केल्यावर पुढील क्रिया ठरावीक क्रमाने घडतात. प्रथम पंखा सुरू होतो. त्याने पुरेशी गती घेतली की हवेच्या झोताने एक हलके पाते ढकलले जाते व त्यास जोडलेला स्विच बंद होऊन मंडल पूर्ण होते. शिडाप्रमाणे वाऱ्याने हलणारा म्हणून यास ‘सेल स्विच’ म्हणतात. याच मालिकेत ‘लिमिट स्विच’ असतो. फर्नेस प्रमाणाबाहेर तापल्यास तो मंडल तोडतो. दोन्ही स्विचांची संमती मिळाल्यावर इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड सुमारे १५ सेकंद नुसता पंखा चालू ठेवून ज्वलनकक्षात साचलेला वायू बाहेर घालवितो. त्यानंतर वायूची झडप उघडते व ठिणग्या पडू लागतात. सुमारे ७ सेकंदांत ज्योत पेटल्याचे बोर्डास कळले नाही तर झडप बंद होते. अनेक नमुन्यांत असे तीन प्रयत्न होतात. तिन्ही फसल्यास बोर्ड कुलूपबंद अवस्थेत जातो आणि थर्मोस्टॅट बंद करून पुन्हा सुरू केल्याशिवाय नवा प्रयत्न करीत नाही.

वेगवेगळ्या नमुन्यांत सेकंदांचा व प्रयत्नांचा थोडाफार फरक आढळतो. क्रम मात्र हाच असतो. पुढची प्रत्येक पायरी मागील पायरीच्या यशावर अवलंबून असते. साहजिकच यंत्र कोठे थांबले हे कानांनी ऐकले तरी दोषाचे क्षेत्र निश्चित करता येते.

थंडीचा पहिला आघात : बॅटरी
लेड-ॲसिड बॅटरीतील रासायनिक क्रिया थंडीत मंदावते. उणे १८ अंशांस तिची उपलब्ध क्षमता सामान्य तापमानाच्या जवळजवळ निम्म्यावर येते. याचा परिणाम एका उदाहरणाने स्पष्ट होईल. ट्रेलरच्या पुढील दांड्यावर, उघड्यावर ठेवलेली १०० अँपिअर-तास क्षमतेची बॅटरी घेऊ. अशा थंडीत तिची क्षमता ५० अँपिअर-तास उरते आणि व्होल्टेज फार न घसरता त्यातील साधारण निम्मा भाग, म्हणजे २५ अँपिअर-तास, वापरता येतो. फर्नेसचा पंखा ८ अँपिअर विद्युत्प्रवाह घेतो आणि तो निम्मा वेळ चालतो असे मानल्यास सरासरी खर्च ताशी ४ अँपिअर होतो. रात्री नऊ वाजता निजलेल्या कुटुंबाची वापरण्यायोग्य वीज पहाटे तीनच्या सुमारास संपते. फर्नेस ‘नेमकी मध्यरात्रीनंतर’ बंद पडते या तक्रारीचे रहस्य बहुधा या साध्या गणितात असते.

व्होल्टेज साधारण १०.५ च्या खाली गेले की पंखा फिरताना दिसतो, परंतु त्याचा झोत सेल स्विचचे पाते ढकलण्यास अपुरा पडतो. परिणामी गार हवा येत राहते आणि ठिणगी पडतच नाही. ‘पंखा चालतो आहे, म्हणजे वीज ठीक आहे’ हा निष्कर्ष येथे फसवा ठरतो. यास्तव व्होल्टेज फर्नेसच्या जोडणीपाशी व पंखा चालू असताना मोजावे. निष्क्रिय बॅटरीवर १२.६ व्होल्ट दिसले तरी गंजलेल्या जोडणीमुळे अथवा बारीक तारांमुळे भार पडताच ते बरेच घसरू शकते.

अलीकडे लिथियम-आयर्न-फॉस्फेट बॅटऱ्यांचा वापर वाढला आहे. त्या थंडीत वीज देण्याच्या बाबतीत अधिक समर्थ असल्या तरी शून्य अंशाखालील तापमानात त्यांचे प्रभारण करणे हानिकारक असते. सबब त्या वाहनाच्या उबदार भागात ठेवणे अथवा त्यांना तापविण्याची सोय करणे इष्ट होय.

दुसरा आघात : हवेचा प्रवाह
पंखा पूर्ण गतीने फिरत असूनही सेल स्विच बंद होत नसेल तर त्याच्या पात्यावर धूळ, कापसाचे तंतू किंवा पाळीव प्राण्यांचे केस अडकले असण्याचा संभव असतो. उन्हाळ्यात पडून राहिलेल्या वाहनाच्या बाह्य नळीत कुंभारीण माश्या मातीचे घरटे करतात. हिवाळ्यात हीच नळी साचलेल्या बर्फाने बुजते. दोन्ही परिस्थितींत ज्वलनास हवा कमी पडते आणि जळालेला वायू बाहेर जाण्यास अडथळा होतो.

घरातील हवामार्ग बुजल्याचे लक्षण वेगळे असते. फर्नेस पेटते, काही मिनिटे उष्ण हवा येते, मग ज्योत विझून पंखा तेवढा चालू राहतो आणि थोड्या वेळाने पुन्हा पेटते. परतीच्या हवेची जाळी सामानाने झाकली गेली अथवा नळ्या दबल्या की उष्णता फर्नेसमध्येच कोंडते व लिमिट स्विच मंडल तोडतो. येथे स्विच आपले काम चोख करीत असतो; दोष जाळीपुढे ठेवलेल्या सामानाचा असतो.

तिसरा आघात : वायूचा दाब
प्रोपेनचा उत्कलनबिंदू उणे ४२ अंश सेल्सिअस असल्याने तो थंडीत गोठत नाही हे खरे. परंतु दाबाचा प्रश्न त्याआधीच उद्भवतो. सिलिंडरमधील द्रवावरील बाष्पदाब वातावरणापेक्षा २० अंशांस सुमारे ७.३ बारने अधिक असतो. शून्य अंशास हा फरक ३.७, उणे २० अंशांस १.४ आणि उणे ४० अंशांस जेमतेम ०.१ बार उरतो. दोन टप्प्यांच्या रेग्युलेटरचा पहिला टप्पा सुमारे ०.७ बार दाब पुढे देतो आणि दुसरा तो सुमारे २८ सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाइतका करतो. फर्नेस या अखेरच्या दाबावर चालते.

यात आणखी एक सूक्ष्म बाब आहे. द्रवाचे बाष्पात रूपांतर होण्यास अप्रकट उष्णता लागते. सुमारे ८.८ किलोवॅटची, अर्थात ताशी ३०,००० बीटीयू क्षमतेची फर्नेस ताशी साधारण ०.६३ किलोग्रॅम प्रोपेन जाळते. तेवढे बाष्प निर्माण करण्यास सुमारे ७० वॅट उष्णता सतत लागते आणि ती सिलिंडरला भोवतालच्या गार हवेकडूनच मिळवावी लागते. ती पुरेशी न मिळाल्यास द्रव स्वतःच थंड होत जातो. बाहेर उणे २० अंश असता सिलिंडरमधील द्रव उणे ३० अंशांवर गेला, तर त्याचा दाब रेग्युलेटरच्या पहिल्या टप्प्यास लागणाऱ्या दाबाच्या जेमतेम बरोबरीने उरतो. सिलिंडरमधील द्रव कमी झाला की उष्णता शोषणारा ओला पृष्ठभागही घटतो. म्हणून अर्ध्याहून रिकामा सिलिंडर कडक थंडीत ‘संपल्यासारखा’ वागतो आणि दुपारी उन्हात पुन्हा नीट चालू लागतो.

भारतातील घरगुती एलपीजी हे प्रोपेन व ब्युटेन यांचे मिश्रण असते. ब्युटेनचा उत्कलनबिंदू उणे अर्ध्या अंशाच्या आसपास असल्याने लडाखसारख्या प्रदेशात हीच अडचण पुष्कळ आधी जाणवते. वर्गात बाष्पदाब शिकविताना हे उदाहरण उपयोगी पडावे.

वायूच्या तपासणीत दोन फसगती संभवतात. पहिली अशी की, स्वयंपाकाची शेगडी पेटली म्हणजे वायू पुरेसा आहे असे मानले जाते. वस्तुतः शेगडीचा एक बर्नर सुमारे २ किलोवॅटचा असतो. फर्नेसची गरज त्याच्या चौपटीहून अधिक असते. शेगडीचे तीनही बर्नर पेटवून ज्योत खचते का हे क्षणभर पाहणे ही अधिक चांगली चाचणी होय. दुसरी फसगत सिलिंडरच्या जोडणीत असते. अमेरिकी सिलिंडरांच्या जोडणीत अतिप्रवाह रोखणारी सोय असते. झडप एकदम उघडल्यास ती वायुगळती समजून प्रवाह अगदी कमी करते. अशा वेळी सर्व उपकरणे व झडप बंद करून थोडे थांबावे आणि झडप सावकाश उघडावी. सिलिंडर बदलल्यानंतर नळीत शिरलेली हवा निघून जाईपर्यंत पहिले एकदोन प्रयत्न फसणेही स्वाभाविक आहे.

ज्योत पेटते, पण टिकत नाही :
ज्योत क्षणभर पेटून विझत असेल तर बोर्डास ती ‘दिसत’ नाही असा अर्थ बहुधा होतो. ज्योतीतील विद्युत्भारित कणांमुळे तीतून अत्यल्प प्रवाह वाहू शकतो. ज्योतीत ठेवलेल्या इलेक्ट्रोडपेक्षा बर्नरचा धातूचा पृष्ठभाग कितीतरी मोठा असल्याने प्रत्यावर्ती विद्युत्दाब दिला असता प्रवाह मुख्यतः एकाच दिशेने वाहतो. काही मायक्रोअँपिअरचा हा एकदिश प्रवाह मोजून बोर्ड ज्योतीचे अस्तित्व ठरवितो. इलेक्ट्रोडवर काजळी वा गंज चढला, त्याची जागा सरकली अथवा फर्नेसच्या सांगाड्याची भू-जोडणी सैल झाली तर एवढा क्षीण प्रवाह हरवतो. महागडा बोर्ड बदलण्यापूर्वी या जोडण्या स्वच्छ व घट्ट करणे श्रेयस्कर.

उंचीचाही परिणाम होतो. कोलोरॅडोतील लेडव्हिल हे गाव सुमारे ३,१०० मीटर उंचीवर आहे. तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ७० टक्केच असतो. विरळ हवेत तोच पंखा कमी प्राणवायू पुरवितो आणि सेल स्विचच्या पात्यावरील झोतही दुबळा पडतो. आधीच क्षीण झालेल्या बॅटरीची उणीव येथे लवकर उघड होते.

दोषशोधनाचा क्रम :
वरील विवेचनावरून तपासणीचा पुढील क्रम निष्पन्न होतो.

१) पंखा सुरूच होत नसल्यास थर्मोस्टॅट, फ्यूज, बॅटरी व मोटार या क्रमाने पाहावे. थर्मोस्टॅटजवळ विजेचा हीटर ठेवलेला असल्यास तो थर्मोस्टॅटची फसवणूक करतो. खोली उबदार राहते, पण नळ गोठतात.

२) पंखा चालतो पण ठिणगीचा टकटक आवाज येत नसल्यास भाराखालील व्होल्टेज, मग सेल स्विच व शेवटी लिमिट स्विच तपासावा.

३) ठिणगी पडते पण ज्योत पेटत नसल्यास सिलिंडरची पातळी, झडप, रेग्युलेटर व वायुदाब यांकडे वळावे. दाब मोजण्याचे साधन व ज्ञान नसल्यास हे काम तंत्रज्ञावर सोपवावे.

४) ज्योत पेटून विझत असल्यास भू-जोडणी, इलेक्ट्रोड, वायुदाब व बाह्य नळी पाहावी.

५) उष्ण हवा येऊन मध्येच गार होत असल्यास घरातील हवामार्ग मोकळे करावेत.

६) फर्नेस अखंड चालूनही घर तापत नसल्यास दोष फर्नेसमध्ये नसून फटी, खिडक्या व छतातील झरोके यांतून जाणाऱ्या उष्णतेत शोधावा.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी व तिचा परिणाम पाहून पुढे जावे. चार सुटे भाग एकदम बदलून फर्नेस सुरू झाली तरी दोष कोणता होता हे कळत नाही आणि तो पुढील थंडीत परत येतो.

सुरक्षा-स्विच वगळण्याचा मोह :
सेल स्विचची दोन टोके तारेने जोडली की फर्नेस तात्काळ पेटते. पहाटे तीन वाजता, मुले कुडकुडत असताना हा उपाय शहाणपणाचा भासतो. परंतु त्या तारेने ‘ज्वलनास हवा आहे काय?’ हा प्रश्नच पुसून टाकलेला असतो. हवा अपुरी असल्यास अपूर्ण ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो आणि प्रमाणाबाहेर तापलेल्या धातूस तडा गेल्यास तो थेट खोलीत येतो. रक्तातील हिमोग्लोबिनशी जुळण्याची त्याची ओढ प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक असते. त्यास रंग नाही, वास नाही. डोकेदुखी, मळमळ व गुंगी ही त्याची लक्षणे थकवा समजून दुर्लक्षिली जातात आणि झोपलेल्या माणसास तीही जाणवत नाहीत. आपल्याकडे बंद न्हाणीघरातील गॅस गिझरमुळे झालेल्या मृत्यूंच्या बातम्या दर हिवाळ्यात वाचावयास मिळतात. त्यांमागील वायू हाच होय.

ऊब मिळावी म्हणून शेगडी पेटती ठेवणे हाही असाच घातक उपाय आहे. फर्नेसप्रमाणे शेगडीचे ज्वलन बंदिस्त नसते. ती खोलीतीलच प्राणवायू वापरते. शिवाय १ किलोग्रॅम प्रोपेन जळून सुमारे १.६ किलोग्रॅम पाण्याची वाफ निर्माण होते व गार भिंतींवर पाणी साचते.

मग त्या रात्री काय करावे? सिलिंडर व बाह्य नळीवरील बर्फ हाताने दूर करावा. सिलिंडरला ज्योत कदापि लावू नये. दुसरा भरलेला सिलिंडर असल्यास तो जोडावा. बॅटरी उतरली असल्यास बाह्य वीजजोडणीने अथवा जनित्राने ती प्रभारित करावी. जनित्राचा धूर खिडकीपासून दूर राहील याची दक्षता घ्यावी. तरीही फर्नेस पेटली नाही तर माणसांना उबदार इमारतीत हलवावे. नळ फुटले तर नवे बसविता येतात. कार्बन मोनॉक्साइडचा इशारा वाजल्यास प्रथम सर्वांनी बाहेर पडावे आणि कारण नंतर शोधावे. वायूचा वास आल्यास विजेचे कोणतेही बटण न दाबता बाहेर यावे व बाहेरून सिलिंडर बंद करावा. प्रोपेन हवेच्या दीडपट जड असल्याने जमिनीलगत साचतो, म्हणूनच त्याचा शोधक जमिनीजवळ बसविलेला असतो.

समारोप :
फर्नेसच्या साखळीतील प्रत्येक स्विच एक प्रश्न विचारतो : हवा आहे काय, तापमान मर्यादेत आहे काय, ज्योत खरोखर पेटली आहे काय? थंडी बॅटरी क्षीण करते, वायूचा दाब उतरविते, नळी बर्फाने बुजविते आणि या प्रश्नांची उत्तरे एकेक करून नकारार्थी होत जातात. अशा वेळी यंत्राचा नकार मोडून काढण्यापेक्षा त्याचे कारण दूर करणे हाच योग्य मार्ग होय. हिवाळ्यापूर्वी बॅटरीची भाराखाली चाचणी, बाह्य नळीची सफाई, भू-जोडणीची पाहणी आणि कार्बन मोनॉक्साइड शोधकाची मुदत तपासणे एवढी तयारी केली, तर पहाटे तीनची ती वेळ बहुतांशी टाळता येते. विज्ञानाच्या अध्यापकांस या छोट्या यंत्रात बाष्पदाब, अप्रकट उष्णता, विद्युत्मंडल व ज्वलन हे चारही विषय एकत्र भेटतात. दोषापासून कारणाकडे पायरीपायरीने जाण्याची जी पद्धत येथे एका कुटुंबाचा जीव वाचविते, तीच आपण प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांना शिकवीत असतो.